कच्च्या मासळीची वाटी आणि आपला घोळाणा

मार्गशीर्षांतील अमावास्येस आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील गांवें ओस पडतात. पंचांगांत या तिथीस दर्श वेळा अमावास्या म्हणतात. बोलण्यांत तिची 'येळवस' झाली आहे. त्या दिवशीं घरांस कुलुपें लावून आबालवृद्ध शेतावर जातात, कडब्याची कोप उभारून तींत पांच पांडव मांडतात, आणि भज्जी, आंबील, उंडे, खिचडा, गव्हाची खीर असें जेवण ज्वारीच्या उभ्या पिकांत बसून होतें. पुण्यामुंबईच्या वाचकांस हा सण ठाऊक नसण्याचा संभव आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यांत व सोलापूरच्या कांहीं भागांत तो आमच्याइतक्याच हौसेनें होतो.

अशाच एका येळवशीच्या आदल्या दिवशीं तेरणेकांठच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत आम्ही पाहुणे होतों. अमेरिकेंत शिकावयास गेलेला त्यांचा नातू सहा वर्षांनीं घरीं आला होता. त्यांतलीं दोन वर्षें त्यानें हवाई बेटांत होनोलुलू येथें काढलेलीं. सकाळीं उठून तो एका बालमित्राबरोबर धरणाकडे गेला आणि ओल्या पोत्यांत गुंडाळलेला एक रोहू घेऊन परसदारानें आंत आला. मासा अद्याप कल्ले हलवीत होता. या घरांत मासळी कधीं शिजलेली नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. म्हणून स्वतःची सुरी, एक लांकडी फळी व काचेचा वाडगा घेऊन तो विहिरीजवळच्या दगडावर बसला. वहिनींकडून त्यानें फक्त मूठभर मोकळा भात, लिंबू व कांदा मागून घेतला.

"आजी, स्वयंपाकघरांत कांहीं आणीत नाहीं," तो म्हणाला. "येथेंच कापीन, येथेंच खाईन. शिजवायचेंसुद्धां नाहीं."

हातांतली जपमाळ खालीं ठेवून आजी म्हणाल्या, "शिजवायचें नाहीं म्हणजे?"

मासळीपेक्षां त्यांस ही गोष्ट अधिक भयंकर वाटली असावी. तेवढ्यांत त्याचे थोरले काका बाहेर आले. ते पशुवैद्य, सारी नोकरी जनावरांच्या पोटांतील कृमींशीं झगडण्यांत गेलेली. त्यांनीं मासा उचलून कल्ले उघडून पाहिले. "मासा ताजा आहे, यांत वाद नाहीं," ते म्हणाले. "पण हा गोड्या पाण्यांतला आहे. विस्तवावरून गेल्याखेरीज तो तुझ्या तोंडांत जावयाचा नाहीं."

"काका, होनोलुलूला आठवड्यांतून चार वेळां खात होतों. कधीं कांहीं झालें नाहीं."

"तें खरें असेल. पण तें तेथें."

काका-पुतण्यांचा हा वाद दुपारपर्यंत चालला. नवल असें कीं, दोघांचेंही म्हणणें बरोबर होतें. अलीकडे मोठ्या शहरांतील उपाहारगृहांतून ही 'पोके'ची वाटी मिळूं लागली आहे. परदेशीं असलेलीं मुलें व सुना तिचीं चित्रें धाडतात, आणि सुटींत आल्यावर ती करून दाखविण्याचा हट्ट धरतात. तेव्हां ती कोठें करावी व कोठें करूं नये, हें समजून घेणें ज्या घरांत मासळी येत नाहीं त्यांसही निरुपयोगी ठरणार नाहीं.

पोके हा हवाई बेटांच्या भाषेंतील शब्द आहे; उच्चार 'पो-के' असा दोन अक्षरी. अर्थ आडवें कापणें, तुकडे करणें. म्हणजे नांवांत मासा कोठेंच नाहीं, क्रिया तेवढी आहे. हवाईचे मूळ रहिवासी किनाऱ्याजवळच्या खडकांत मिळणारे मासे पकडून त्यांचे तुकडे करीत, त्यांस समुद्राचें मीठ लावीत, 'लिमू' नांवाचें समुद्रशैवाल चिरून घालीत आणि 'कुकुई'च्या बिया भाजून केलेलें कूट वर पेरीत. कुकुई म्हणजे आपल्याकडे ज्यास जंगली अक्रोड म्हणतात तें झाड; आज तें त्या राज्याचें मानाचें झाड आहे. कांहीं बेटांत मिठांत तांबडी माती मिसळण्याचीही चाल आहे. जोडीस 'पोई' असे, आणि ही पोई म्हणजे आपल्या ओळखीच्या अळूचे कंद उकडून, दगडावर कुटून, पाणी घालून केलेली लापशी. दोनचार दिवस ठेवली म्हणजे ती आंबते, आणि तेथील जुन्या लोकांस ती आंबट झालेलीच अधिक रुचते. आंबिलीचा घट वर्षानुवर्षें डोकीवरून शेतांत नेणाऱ्या आजींस हें ऐकून प्रथमच त्या देशाविषयीं थोडी आपुलकी वाटली.

भाताची वाटी मागाहूनची आहे. हवाईंत उसाचे मोठे मळे झाले आणि त्यांवर राबण्यासाठीं आशियांतून मजूर नेण्यांत आले. 1885 पासून जपानी कुटुंबें मोठ्या संख्येनें तेथें गेलीं. त्यांनीं आपल्याबरोबर भात, तिळाचें तेल आणि सोयाबीन व गहूं आंबवून केलेला काळा खारा रस नेला. विसाव्या शतकांत खोल समुद्रांतील मोठा ट्यूना, ज्यास हवाईंत 'आही' म्हणतात, सर्रास मिळूं लागला. मग खडकांतल्या लहान माशांची जागा त्यानें घेतली. आज जगभर जी वाटी खातात ती अशी दोन-तीन लोकांच्या स्वयंपाकघरांची मिळून झालेली आहे. सोयाबीनच्या रसाविषयीं जातां जातां एक सांगावेंसें वाटतें. आमच्या जिल्ह्यांत आज खरिपाचें मुख्य पीक सोयाबीनच आहे. दिवाळीच्या सुमारास त्याच्या गाड्यांच्या रांगा बाजारांत लागतात. परंतु त्याचा हा रस घरीं करून पाहिलेला माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

आतां, जीं मराठी कुटुंबें खरोखरच समुद्राकांठीं आहेत आणि ज्यांच्या ताटांत मासळी येते, त्यांच्यासाठीं कृति.

मासा पाण्यांतून वर येतांच काम सुरू होतें, स्वयंपाकघरांत आल्यावर नव्हे. ट्यूना हा इतर माशांहून निराळा आहे. त्याच्या अंगाची ऊब भोंवतालच्या पाण्यापेक्षां अधिक असते, आणि गळास लागून झटापट केली कीं ती आणखी वाढते. म्हणून त्यास ताबडतोब मारून, छातीच्या परामागें चीर देऊन रक्त वाहूं द्यावें, आंतडीं व कल्ले काढावे, आणि बर्फ व समुद्राचें पाणी यांच्या लगद्यांत तो पुरता बुडवून ठेवावा. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेला मासा वरून गार व आंतून ऊबदार राहतो. घरीं आणल्यावर सालीखालचा काळपट तांबडा पट्टा कापून टाकावा. तो भाग लवकर बिघडतो व चवीसही उग्र असतो. उरलेल्या मांसाचे तंतूंच्या आडव्या दिशेनें सुमारें दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करावे. सुरीस अत्यंत धार हवी. बोथट सुरीनें मांस चिरडतें आणि पाणी सुटतें. चार जणांस अर्धा किलो पुरे. त्यांत दोन मोठे चमचे सोयाबीनचा रस, दोन लहान चमचे तिळाचें तेल, पातळ चिरलेला कांदा व कांद्याची पात, भाजलेले तीळ, चवीपुरती ओली मिरची. हलक्या हातानें घोळून लगेच भातावर घालून वाढावें. भात निवालेला पण मऊ असावा. कढत भातावर मासा अर्धवट शिजतो आणि दोन्ही बिघडतात. लिंबू आधीं मुळींच पिळूं नये, त्यानें मांस पांढरें पडतें. वाढून उरेल तें दुसऱ्या दिवशीं तव्यावर परतून खावें किंवा टाकावें, पण कच्चें ठेवूं नये. गर्भवती, लहान मुलें, वृद्ध व आजारातून उठलेलीं माणसें यांनीं ही वाटी खाऊं नये. हें त्या देशांतील वैद्यही सांगतात.

एवढी घाई कशासाठीं, याचें कारण मोठें चमत्कारिक आहे. ट्यूनाच्या मांसांत हिस्टिडीन नांवाचा एक घटक विपुल असतो. मासा उबेंत राहिला कीं जंतु त्याचें हिस्टामीन करतात. हें विष जिभेस बहुधा कळत नाहीं, नाकास कळत नाहीं. आणि एकदां तयार झाल्यावर गोठविल्यानें जात नाहीं कीं शिजविल्यानेंही जात नाहीं. असा मासा खाल्ल्यावर कांहीं मिनिटांत किंवा तास-दोन तासांत तोंड लाल होतें, डोकें दुखतें, अंगास खाज सुटते, छाती धडधडते. म्हणजे ज्या अग्नीवर आपण सर्व भरंवसा टाकतों तोही येथें उपयोगी पडत नाहीं. पकडल्यापासून खाईपर्यंत मासा गार राखणें, हा एकच उपाय. होनोलुलूच्या मासळीबाजारांत 1952 पासून चालत आलेला लिलाव याच पायावर उभा आहे. तेथें मासे बर्फावर मांडून एकेक मासा स्वतंत्र विकला जातो. शेपटीजवळ काप घेऊन आंतलें मांस उघडें केलेलें असतें, आणि घेणारा त्याचा रंग व तेलकटपणा पाहून बोली बोलतो. पहांटे विकलेला मासा दुपारीं वाटींत असतो. नातू जें खात होता तें हें. त्यास कांहीं झालें नाहीं यांत दैवाचा भाग थोडा आणि बर्फाचा भाग मोठा.

मग हातांत कल्ले हलविणारा मासा असतां काकांनीं त्यास अडविलें कां? धरणापासून वाड्यापर्यंतची वाट तर अर्ध्या तासाचीही नव्हती.

याचें उत्तर थायलंडच्या ईशान्य भागांत सांपडतें. तेथें 'कोई प्ला' नांवाचा एक पदार्थ आहे: नदी-तळ्यांतील लहान मासे बारीक कापून, लिंबू, मिरची व भाजलेल्या तांदळाचें पीठ घालून कच्चेच खावयाचे. तें मासेही ताजेच असतात, बहुधा त्याच दिवशीं जाळ्यांतून काढलेले. परंतु त्यांच्या मांसांत एका चपट्या कृमीचीं पिलें दडलेलीं असतात. या कृमीचा प्रवास असा कीं, माणसाच्या मळांतून अंडीं पाण्यांत जातात, तीं पाणगोगलगाय गिळते, तिच्यांतून निघून तीं पिलें माशाच्या मांसांत शिरतात, आणि मासा कच्चा खाल्ला कीं माणसाच्या यकृतांतील पित्तनलिकेंत येऊन वस्ती करतात. पुढें कित्येक वर्षें कांहींच कळत नाहीं. शेवटीं तेथें कर्करोग होऊं शकतो. त्या प्रांतांत या रोगाचें प्रमाण जगांत सर्वांत अधिक आहे. लिंबानें कृमि मरत नाहीं, मिरचीनें मरत नाहीं. हे मासे ज्या कार्प कुळांतले, त्याच कुळांतले आमच्या धरणांतील रोहू, कटला व मृगळ. देशोदेशींच्या गोड्या पाण्यांतले कृमि निरनिराळे असतील. पण गोडें पाणी माणसाच्या व गुरांच्या वस्तीस लागून असतें, गांवचा ओढा शेवटीं त्याच्यांतच उतरतो. समुद्रांतल्या मोठ्या ट्यूनाच्या मांसांत असे कृमि क्वचितच सांपडतात; इतके कीं, कच्चे खावयाचे मासे आधीं गोठविण्याचा जो अमेरिकी सरकारचा दंडक आहे, त्यांतून ट्यूनाच्या मोठ्या जाती वगळलेल्या आहेत. इतर माशांस तो दंडक उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 अंशांवर पंधरा तास, असा आहे. घरच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा फार तर उणे 18 अंशांपर्यंत जातो, आणि आमच्याकडे वीज गेली म्हणजे तेवढाही नाहीं.

म्हणजे समुद्रांतल्या माशास बर्फ पाहिजे आणि गोड्या पाण्यांतल्या माशास विस्तव पाहिजे. पहिल्यास विस्तव पुरत नाहीं, दुसऱ्यास ताजेपणा पुरत नाहीं. काकांनीं हें दोन वाक्यांत सांगितलें. आम्हांस तें लिहावयास दोन परिच्छेद लागले.

नातू सहजासहजीं ऐकणारा नव्हता. "मग मुंबईहून बर्फांत घालून ट्यूना मागवूं," तो म्हणाला. येथें भूगोल आड येतो. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर. समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी तीनशें किलोमीटर दूर. इतक्या वाटेवर पेटी किती वेळां उघडली, बर्फ कोठें वितळला, पुन्हां कोठें भरला, हें शेवटच्या गिऱ्हाइकास कोण सांगणार? शिजवून खाणारास तेवढी चिंता नाहीं. कच्चा खाणारास तीच मुख्य. आणि ट्यूनाच्या बाबतींत तर शिजविणारासही ती सुटत नाहीं, हें वर आलेंच आहे.

आमचा जिल्हा समुद्रापासून अगदींच तुटलेला होता असें मात्र कोणीं समजूं नये. तेरणेवरचें तेर, जें आज गोरोबा काकांचें गांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे, तेंच जुनें तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे: पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तेथून तऱ्हेतऱ्हेचें कापड व समुद्रकांठच्या प्रदेशांतून तेथें आलेला माल गाड्यांत घालून भडोचच्या बंदरास जातो. तेरच्या वस्तुसंग्रहालयांत रोमन व्यापाराच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्राचा माल येथवर येत होता. पण जो बैलगाडीच्या चालीनें टिकेल तोच.

कोंकणांतल्या लोकांनीं ही वाटी कधीं केली नाहीं काय, असा प्रश्न वहिनींनीं विचारला, आणि तो रास्त आहे. ट्यूनाच्या कुळांतील एक लहान मासा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळतो. कोळी त्यास कुपा किंवा गेदर म्हणतात. जगांतील मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत त्याचें नांव 'कावाकावा' असें आहे, आणि तें हवाईच्याच भाषेंतलें. एकच मासा, दोन्ही किनाऱ्यांवर. पण आपल्या किनाऱ्यावर तो कालवणांत गेला, तव्यावर गेला, उन्हांत सुकला, कच्चा मात्र कोणीं खाल्ला नाहीं. आपल्याकडे वर्षांतील बहुतेक महिने उकाड्याचे, आणि बर्फ तर कालपरवांचा. गोव्याकडील सारस्वत घरांत 'किसमूर' करतात: सुका जवळा किंवा सुंगटें भाजून, ओलें खोबरें, कांदा व आंबटासाठीं चिंच घालून कालविलेली कोशिंबीर. कापलेलें व कुसकरलेलें समुद्राचें अन्न, मीठ, आंबट, खोबऱ्याचें तेलकटपण, आणि जोडीस भात. पोकेच्या जवळ जाणारा पदार्थ आपल्या किनाऱ्यावर हाच. फक्त मासा आधीं उन्हांतून व विस्तवांतून जातो.

पठारावर आमच्याकडे त्याचें नातें घोळाण्याशीं आहे. तो सुचविला आजींनीं, आणि तोही सहज. नातू हवाईची कृति दुसऱ्यांदा सांगत होता: कापावयाचें, मीठ लावावयाचें, बियांचें कूट घालावयाचें, तेल घालावयाचें, आणि कच्चेंच घोळून खावयाचें. त्या मध्येंच म्हणाल्या, "अरे, मग हा तर घोळाणाच कीं."

ज्यांनीं घोळाणा खाल्ला नसेल त्यांस तो थोडा विस्तारानें सांगितला पाहिजे, कारण पाकशास्त्राच्या छापील पुस्तकांत तो क्वचितच येतो. पुस्तक लिहिणारांस तो पदार्थच वाटत नसावा. शेतांतून आणलेला कोवळा पाला बारीक चिरावा. मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला, पाथरी, घोळ, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, करडईचीं कोवळीं पानें, यांपैकीं जें त्या पंधरवड्यांत निघत असेल तें. करडईचा घोळाणा कार्तिकांतच करून घ्यावा. पुढें पानांस कांटे फुटतात आणि मग तीं जनावरही तोंडांत धरीत नाहीं. पाल्यावर मीठ, तिखट व शेंगदाण्याचें भरड कूट घालावें, वरून कच्चें तेल सोडावें आणि हातानेंच घोळावें. घोळून करावयाचा म्हणून घोळाणा. तेल पूर्वीं करडईचें असे, घाण्याचें. त्यास जो एक वास आहे तो दुसऱ्या तेलास येत नाहीं. सोबत ज्वारीची भाकरी. फोडणी नाहीं, चूल नाहीं, आणि वाट पाहणेंही नाहीं: घोळाणा घोळल्याबरोबर खाल्ला पाहिजे, नाहींतर मिठानें पाला पाणी सोडतो व सगळें लिबलिबीत होतें. मासा असो कीं मेथी, मिठाचें काम दोहींकडे सारखेंच.

हरभऱ्याच्या शेंड्यांचा घोळाणा आम्हांस सर्वांत आवडतो. हरभऱ्याच्या पानांवर एक आंबट लव असते. पहांटेच्या दंवांत पिकावरून स्वच्छ फडकें फिरवून पिळलें तर त्यांतून 'आंब' निघते, आणि जुन्या बायका ती पोटदुखीवर बाटलींत भरून ठेवीत. या घोळाण्यांत लिंबू लागत नाहीं. मात्र शेंडे खुडावयाचे ते दंव असतांना किंवा उन्हं चढण्यापूर्वीं, आणि दुपारच्या जेवणाच्या आंत ते संपले पाहिजेत. बाजारांतून ओल्या गोणपाटांत आलेल्या, दोन दिवसांच्या जुडीचा घोळाणा करून पाहावा म्हणजे फरक कळेल; तो खातां येतो, परंतु पुन्हां मागितला जात नाहीं.

येथें आपल्या बाजूनें फाजील अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. कच्च्या पाल्यासही तोच नियम आहे जो कच्च्या माशास. ज्या मळ्यास गांवच्या गटाराचें पाणी मिळतें तेथील पाला कच्चा खाणें म्हणजे तें पाणी पिण्यासारखेंच आहे. जंताचीं अंडीं पानांच्या सुरकुत्यांत राहतात. पिकावर औषध फवारलें असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत पाला खुडूं नये, आणि फवारलें कीं नाहीं हें फवारणारास विचारावें, विकणारास नव्हे. पाला चिरण्यापूर्वीं तीन पाण्यांतून धुवावा, प्रत्येक वेळीं पाणी बदलून. पानें वर उचलून घ्यावीं, भांडें उपडें करून पाणी काढूं नये, नाहींतर तळाची माती पुन्हां पानांवर बसते. काकांनीं नातवास मासा टाकावयास लावला आणि मग स्वतः जाऊन कोठल्या वाफ्यास विहिरीचें पाणी आहे तें दाखविलें, यांतला न्याय आम्हांस आवडला.

पोषणाच्या दृष्टीनें दोन वाट्यांची तुलना करावयाची तर ती प्रामाणिकपणें केली पाहिजे. शंभर ग्रॅम कच्च्या ट्यूनांत सुमारें 24 ग्रॅम प्रथिनें असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारें 25. परंतु घोळाण्यांत शंभर ग्रॅम कूट कोणी घालीत नाहीं, म्हणून त्याच्या जोडीस डाळ किंवा भज्जी पाहिजेच. माशांतील जें तेल हृदयास हितकर म्हणून सांगतात त्याच्या जातीचें तेल आपल्या जवसांत आहे. पण आपलें शरीर त्याचें माशाच्या तेलांत रूपांतर फार थोड्या प्रमाणांत करतें. ब 12 जीवनसत्त्व पाल्यांत नाहीं. तें दूध, दही, ताक यांतून घ्यावें लागतें, आणि ज्या घरांत दुधाचा खप कमी झाला आहे तेथें याकडे लक्ष द्यावें. उलट क जीवनसत्त्व शिजवितांना बरेंच नष्ट होतें, तें कच्च्या पाल्यांत शाबूत राहतें, आणि पाल्यांतील लोह अंगीं लागण्यास त्याचें साह्य होतें. मेथीची भाजी नेहमीं परतूनच करणाऱ्या घरांनीं आठवड्यांतून दोनदां घोळाणा करण्यास हें एक कारण पुरेसें आहे.

दुसऱ्या दिवशीं शेतांत नातवानें आपली वाटी केलीच. खालीं मऊ भाताऐवजीं कोवळ्या हुरड्याचे भाजलेले दाणे घातले, त्यावर हरभऱ्याचे शेंडे, कांद्याची पात, मुळ्याच्या चकत्या व मेथी यांचा घोळाणा. मुंबईहून येतांना आणलेली सोयाबीनच्या रसाची बाटली त्यानें बाहेर काढली, तिचे चार थेंब. वर शेंगदाण्याच्या कुटांत भाजलेल्या जवसाची भरड मिसळून पेरली. तिळाचें तेल त्यानें आणलें नव्हतें, म्हणून करडईचेंच सोडलें. ती वाटी हातोहात फिरली. मुलांनीं दोनदां घेतली. काकांस सोयाबीनचा रस उग्र वाटला. आजींनीं तो नको म्हणून साधा घोळाणा भाकरीवर घेतला, पण हुरड्याचे दाणे त्यांत घालावयाची कल्पना बरी आहे असें त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षीं आंबिलीच्या घटाबरोबर हाही डबा निघेल असें आम्हांस दिसतें.

राहिला रोहू. तो आदल्या दिवशींच दुपारीं मळ्यांतल्या गड्याच्या घरीं पोंचला होता. त्याच्या घरधनिणीनें त्याचे तुकडे करून, हळद-मीठ लावून, लसूण व काळ्या तिखटाचें दाट कालवण केलें, आणि तें चुलीवर चांगलें रटरटून शिजविलें. नातू संध्याकाळीं 'फिरून येतों' म्हणून गेला तो रात्रीं नऊ वाजतां परतला. अंगणांत त्यानें पाय धुतले, चूळ भरली, दोनदां भरली. आजी ओसरीवरच बसल्या होत्या. "जेवायला वाढूं कां रे?" त्यांनीं विचारलें. "भूक नाहीं आजी," तो म्हणाला. त्यांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. नुसती जपमाळ उचलली आणि उद्यांच्या उंड्यांचें पीठ मळून झालें कीं नाहीं, तें वहिनींस हांक मारून विचारलें.